भुऱ्याच्या जागेची मोजणी

मी सरकारी मोजणीदार आहे आणि अठरा वर्षांत माझी एकही मोजणी चुकलेली नाही. (चुकली असं म्हणणारे लोक आहेत, पण ते सगळे बांधाच्या पलीकडचे. अलीकडचे मला चहा पाजतात.) वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊसुद्धा मी टेप ओढायला लागलो की शेजारी शेजारी उभे राहून श्वास रोखतात. अशा माणसाने स्वतःच्या घरची गाडी घेताना माप चुकवावं, हे दुसऱ्या कुणी सांगितलं तर खरं वाटणार नाही, म्हणून मीच सांगतो.

आम्ही डोणगावात राहतो. घरात माझी आई, बायको वैशाली, सात वर्षांची स्वरा, चार वर्षांचा अंशू, मी आणि भुऱ्या. भुऱ्या हा कुत्रा. त्याच्या अंगात कारवानी, म्हणजे लांब पायांच्या शिकारी कुत्र्यांचं, रक्त आहे असं तो देणारा माणूस शपथेवर सांगत होता. रक्ताचं मला माहीत नाही, पाय मात्र कारवानी आहेत. बसला तरी तो उभ्या अंशूपेक्षा उंच दिसतो आणि उभा राहिला की ओट्यावरच्या पातेल्यात काय शिजतंय ते त्याला मान न ताणता कळतं.

गाडीचा विषय निघाला तो भुऱ्यामुळेच. वैशालीचं माहेर साखरखेर्डा. दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही सगळे तिकडे जातो. मागच्या अखाजीला एस.टी.ने गेलो आणि भुऱ्याला शेजारच्या देविदासभाऊंच्या अंगणात बांधून ठेवलं. त्याने दोर तोडला आणि तो एस.टी.च्या मागे धावत सुटला. तिसऱ्या दिवशी मेहकरच्या अलीकडे एका फाट्यावर, टपरीच्या बाकाखाली सापडला. चारही पंजांची सालटं निघालेली. ते तीन दिवस स्वराने आमरसाला बोट लावलं नाही. परत आल्यावर त्याच्या पायांना हळद लावता लावता ती मला म्हणाली, "बाबा, आता भुऱ्या येत असंल तरच मी येईन. नाई त मी बी देविदासकाकाच्या अंगणात राह्यते."

मी म्हणालो, "पुढच्या अखाजीला आपली गाडी असेल, आणि तिच्यात भुऱ्याची स्वतःची जागा असेल. मी मोजून घेईन." पोरीने मान डोलावली. तिचा बाप मोजणीदार आहे, त्यामुळे तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

गाडी चालवायला वैशाली शिकली. त्याच क्लासला मीही गेलो होतो, पण चौथ्या दिवशी मास्तर अगदी आदराने म्हणाले, "साहेब, तुम्ही मोटरसायकल लय चांगली चालवता." मी दुसऱ्या दिवसापासून गेलो नाही.

गाडी निवडायची तर लोक शोरूमला जातात, रंग बघतात, दारं उघडून लावून पाहतात. मला हा पोरखेळ वाटतो. मी एका सात सीटर गाडीचं माहितीपत्रक मागवलं, त्यातली मापं काढली आणि एका रविवारी सकाळी आमच्या अंगणात पांढऱ्या फक्कीने ती गाडी आखली. आधी घरातल्या सर्वांना हजर राहण्याची तोंडी नोटीस दिली. (मोजणीच्या वेळी लगतचे कब्जेदार हजर नसले तर पुढे तक्रारी होतात.) मग प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. पुढे उजवीकडे वैशाली, हातात स्टिअरिंग म्हणून परात. डावीकडे आई, कारण तिचे गुडघे मागच्या जागी मुडपत नाहीत. मधल्या रांगेत एका खिडकीला स्वरा, दुसऱ्या खिडकीला अंशू आणि मधोमध मी. सगळ्यात मागे, दोन सीट पाडून, भुऱ्याचा स्वतंत्र चौकोन.

देविदासभाऊ कुंपणापाशी आले आणि बराच वेळ बघत उभे राहिले. "काय करून राह्यले साहेब?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "गाडीत बसून राह्यलो." ते घरात जाऊन सदरा घालून आले आणि म्हणाले, "मेहकरपर्यंत सोडा मले. एक जन वाढला त अडचन नाई ना होत?"

भुऱ्याला मात्र शिकवावं लागलं. तो चौकोनात यायचा, पण आला की आडवा व्हायचा आणि त्याचे पुढचे पाय रेघेच्या बाहेर जायचे. हे उघड अतिक्रमण होतं. पाय बाहेर तर बिस्कीट नाही, असा मी नियम केला. ताठ बसला की सगळा कुत्रा रेघेच्या आत मावायचा आणि बिस्कीट मिळायचं. आठ दिवसांत भुऱ्या तयार झाला. चौकोनात यायचं, पाठ सरळ करायची, मान वर करायची आणि कितीही वेळ झाला तरी आडवं व्हायचं नाही. पुढारी व्यासपीठावर बसतात त्याहून तो नीट बसायचा. मी कार्यालयात करतो तसा पक्का नकाशा काढला, त्यावर 'भुऱ्या' असं लिहून सही केली आणि तो स्वराला दिला. तिने तो पलंगावरच्या भिंतीला चिकटवला.

या सगळ्यात एकदाच कुणीतरी शंका काढली. परात फिरवता फिरवता वैशाली म्हणाली, "लांबी झाली, रुंदी झाली. उंचीचं काय?"

मी हसलो. तिला समजावून सांगितलं की अठरा वर्षांत मी शेकडो शेतं मोजली, पण उंची विचारणारा एक माणूस मला भेटला नाही. लांबी आणि रुंदी बरोबर असली की क्षेत्र बरोबर येतं, आणि क्षेत्र बरोबर आलं की भांडण मिटतं. ती गप्प बसली. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर ती अशी गप्प बसते तेव्हा काय समजायचं, हे मला कळायला हवं होतं.

मग आम्ही चिखलीला शोरूममध्ये गेलो. भुऱ्याला नेलं नाही, कारण नव्या सीटवर कुत्रं चालणार नाही असं त्यांनी फोनवरच सांगितलं होतं. तिथला विक्रेता तरुण आणि फार गोड बोलणारा होता. तो मायलेज सांगत होता, पडद्यावर गाणी लावून दाखवत होता. मी त्याच्या हातात टेपचं दुसरं टोक दिलं. मागची जमीन, म्हणजे तळ, मी तीनदा मोजला. अंगणातल्या चौकोनापेक्षा दीड इंच जास्तच भरला. तरी खात्री असावी म्हणून मी त्या विक्रेत्याला आत शिरून भुऱ्याच्या जागी बसायला सांगितलं. तो बिचारा टाय सावरत बसला आणि हनुवटी छातीला टेकवून आतून म्हणाला, "सर, इथे मान थोडी खाली घ्यावी लागते." मला वाटलं, नम्र पोरगा आहे. मी गाडी पक्की केली.

अखाजीच्या आदल्या दिवशी गाडी दारात आली. आईने चाकाखाली लिंबं ठेवली, कुंकवाचं स्वस्तिक काढलं, देविदासभाऊंनी नारळ फोडला. मग स्वराने भिंतीवरचा नकाशा आणला, मागचं दार उघडलं आणि हाक मारली, "चाल भुऱ्या, आपली जागा." आठ दिवसांची शिकवणी डोक्यात असलेला तो कुत्रा अंगणातून धावत आला, उडी मारून आत गेला, आणि छतावर असा आवाज झाला की आईने हातातलं ताट खाली ठेवलं.

गाडीचं छत मागच्या बाजूला उतरतं. हे सगळ्या गावाला माहीत होतं. देविदासभाऊ तर म्हणाले, "घराच्या पडवीसारखं असते ना ते, मांगं उतरतं."

तरी भुऱ्याने बसायचा प्रयत्न केला, हे मला सांगितलंच पाहिजे. तो शिकवल्याप्रमाणे ताठ बसला. त्याचं डोकं छताला आडवं टेकलं, एक कान काचेला चिकटून चपटा झाला आणि त्या वाकड्या मानेने तो माझ्याकडे बिस्किटासाठी बघत राहिला. मी म्हणालो, "भुऱ्या, झोप. आडवा हो." तो आणखी ताठ झाला. मी त्याचे पाय धरून ओढले, बिस्कीट त्याच्या नाकासमोर जमिनीवर ठेवलं, शेवटी स्वतः त्याच्यासमोर पोटावर झोपून दाखवलं. तो आडवा होईना. आडवं झालं की अतिक्रमण होतं, हे आता आमच्या घरात फक्त त्यालाच पाठ होतं. थोड्या वेळाने त्याने बारीक आवाजात रडायला सुरुवात केली आणि उडी मारून बाहेर आला. मग तो अंगणात गेला, पुसट झालेल्या फक्कीच्या चौकोनात जाऊन बसला आणि मान वर केली.

अखाजीच्या दिवशी सकाळी सगळे तयार झाले. आंब्यांची टोपली चढली, आई चढली, अंशू चढला. स्वरा चढली नाही. नवा फ्रॉक घालून ती अंगणातल्या चौकोनात भुऱ्याच्या शेजारी मांडी घालून बसली होती. मी जवळ गेलो. ती चिडली नव्हती, रडतही नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

"तुमी सांगतलं होतं ना बाबा, मोजलं म्हनून," ती म्हणाली.

मला फार वाईट वाटलं. बांधावरच्या म्हाताऱ्या माणसांनी मला शिव्या दिल्या आहेत, एकाने दगडही मारला होता, पण त्या सात वर्षांच्या पोरीने नुसतं एवढं म्हटल्यावर मला माझा टेप विहिरीत टाकावासा वाटला. मी गाडीकडे बघितलं. मधल्या रांगेत दोन पोरांच्या मधोमध एक जागा होती, आणि तिथे छत भरपूर उंच होतं. ती जागा माझी होती.

मी म्हणालो, "भुऱ्या माझ्या जागेवर बसेल."

"अन् तुमी?" वैशालीने विचारलं. मग तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी उंचीने पाच फूट दोन इंच आहे. घरातली उंची तिने त्या दिवशी पहिल्यांदाच मोजली, आणि एका नजरेत बरोबर मोजली. "बसता तुमी," ती म्हणाली.

मागची एक सीट उभी केली. मी आत शिरलो, पट्टा लावला आणि हनुवटी छातीला टेकवली. शोरूममधला तो पोरगा नम्र नव्हता, हे मला तेव्हा समजलं. मांडीवर आंब्यांची टोपली, कारण तिला दुसरीकडे जागा नव्हती. भुऱ्या मधल्या सीटवर चढला, दोन पोरांच्या मध्ये ताठ बसला, आणि स्वराने त्याच्या गळ्यात हात टाकला. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि हसली. तेवढ्यासाठी मी साखरखेर्ड्याच्या पुढेही तसाच गेलो असतो.

वाटेत मेहकरला वैशालीने पाण्याच्या बाटल्या घ्यायला गाडी थांबवली. तिथे एका शेतकऱ्याने पुढे बसलेल्या आईला ओळखलं, म्हणजे साहेबही गाडीत असणार. त्याची मोजणी दोन महिने रखडली होती. तो खिडकीपाशी आला, काळ्या काचेआड ताठ बसलेली आकृती बघून त्याने हात जोडले आणि सगळं गाऱ्हाणं सांगितलं. बांध कुणी कोरला, किती कोरला, सगळं. भुऱ्याने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मी मागून म्हणालो, "भाऊ, सोमवारी ऑफिसला या." त्याने आवाज कुठून आला ते शोधायचा प्रयत्न केला नाही. जाताना तो आईला म्हणाला, "साहेबानं आज पह्यल्यांदा माह्यं पुरं आयकून घेतलं."

साखरखेर्ड्याला पोचलो तेव्हा सासूबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्याच होत्या. आल्या माणसांवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा, म्हणजे वाटेतली दृष्ट, बाधा काय असेल ती त्या तुकड्याबरोबर जाते आणि तो तुकडा कुत्रा खातो, अशी तिकडची रीत. नव्या गाडीतून जावई येणार म्हणून त्यांनी तुकडा मोठा घेतला होता. मधलं दार उघडलं. त्यांनी डोळे मिटून, पुटपुटत, मनापासून तीनदा ओवाळलं. स्वरावरून, अंशूवरून आणि मधोमध ताठ बसलेल्या भुऱ्यावरून.

इकडे वैशाली मला सोडवायला मागे आली होती, कारण मला बाहेर काढायला तेवढा एकच रस्ता होता. तिने मागचं दार वर केलं आणि ओरडून सांगितलं, "माय, मांगं बी पाह्य वं."

सासूबाईंना मुलीने सांगितलं होतं की मागे कुत्र्याची जागा केली आहे. त्या गाडीला वळसा घालून आल्या आणि समोर न बघता, सवयीने, तुकडा मागच्या दारातून आत टाकला.

मी मोजून सांगतो, माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या बरोबर मधोमध पडला. इंचाचाही फरक नाही.