मामांचा खडा

इस्पितळातल्या त्या ड्रेसरचे हात कधी स्वस्थ नसत. बोलतानाही ते बँडेज गुंडाळत असत. मामांसाठी डबा घेऊन गेलो की, "या कॉलेजवाले, आज काय शिकलात?" असे विचारून ते उत्तर न ऐकताच पुढे जात. मुतखडा निघाला की तो वाटीत घालून नातेवाइकांना दाखवायची त्यांची रीत होती; मामांचाही मला तसाच दाखवला होता.

शेजारच्या खाटेवर कळवणचा एक तरुण होता. त्याने लघवीच्या वाटेत स्वतःच घातलेला मेणबत्तीचा तुकडा मूत्राशयात निसटला होता. "थोरल्याला कळलं तर घरात घेणार नाय मला," तो मला म्हणाला होता. डॉक्टरांनी पोट न फाडता, त्याच वाटेने दिव्याची नळी आणि चिमटा घालून तो काढला.

बाहेर थोरला भाऊ अडून बसला. "काय निघालं ते दावा."

ड्रेसर आतून वाटी घेऊन आले. "हा बघा खडा. पाणी पीत जा म्हणावं."

खडा मामांचा होता. मी ओळखला. थोरल्याने तो रुमालात बांधून घेतला.

संध्याकाळी मामांनी गावी दाखवायला खडा मागितला. ड्रेसरांचे हात थांबले.

"माझ्याच हातून मोरीत पडला, मामा," मी म्हणालो.