जुनावणे

"बापाले बुढा काऊन म्हणून राहिला? जुनावला म्हण." सौंदडच्या धान गिरणीचा मालक माझ्यावर ओरडत होता. चाळीस वर्षं मशीनच्या खडखडाटात काढलेला माणूस. तो कानात गुज सांगायला लागला तरी बिरसीच्या विमानतळावर वैमानिक दचकतात.

धान भरडायला बाबांना सोबत घेऊन आलो होतो, आणि मी फक्त म्हणालो होतो, "बाबांना काही विचारू नका, ते बुढे झाले." घरात आम्ही सगळेच तसं म्हणायचो. कधी पेरायचं, कधी कापायचं, काहीच विचारेनासे झालो होतो, आणि बाबांनी बोलणंच सोडलं होतं.

"बैल बुढा होते, कामातून जाते," गिरणीवाला म्हणाला. "तांदूळ जुनावते. त्याच्यासाठी लोक वर्षभर थांबतेत."

हा शब्द मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला नाही. तो तांदळाला लावायचा, वडाला लावायचा, आवडत्या माणसाला लावायचा. स्वतःच्या मोटरसायकलला कधीच नाही.

मग त्याने माझ्या पोत्यातलं मूठभर धान बाबांपुढे धरलं. "भाऊ, भरडू का?"

बाबांनी एक दाणा दाढेखाली फोडला. "ओला हाय. दोन उन्हं दे. नायतर सारी कणी होईन."

सहा महिन्यांतलं ते त्यांचं सगळ्यात लांब भाषण. गिरणीवाल्याने निमूट मशीन बंद केली.

दोन दिवसांनी तांदूळ अख्खा निघाला. बाबांचा मान राखला म्हणून मी गिरणीवाल्याचे हात धरले.

"मान कायचा," तो म्हणाला. "माह्या दाढा पडल्या."