ड्राय वाइन आणि आमसुलं

माझ्या लेकीने फ्रान्समधल्या मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हा दोन महिने मी तिच्याशी फक्त हवापाण्याचं बोलत होते. मुलगा चांगला होता, ते मला दिसत होतं. त्याच्या आईचे द्राक्षांचे मळे होते आणि घरची वाइन. राग मला वाइनचा नव्हता. कुवेतमधल्या अहमदीतल्या या घरात वाढलेली, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी माझी मुलगी आता तिसऱ्याच भाषेत जाणार आणि मला कायमची परकी होणार, ही भीती होती. भीती वाटली की मी तुसडी होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

एका शुक्रवारी फोनवर ती त्यांच्या पांढऱ्या वाइनबद्दल सांगू लागली. नाव म्युस्काडे. समुद्राजवळच्या द्राक्षांची, आंबटसर, किंचित खारी. कालवं, तिसऱ्या, लोण्यात परतलेला मासा, यांच्याबरोबर पितात. मटणापुढे तिचा काही टिकाव लागत नाही. मी मूळची मालवणची. कालवं म्हटल्यावर माझे कान टवकारले. मग ती म्हणाली, "इट्स व्हेरी ड्राय, आई."

ड्रायचा मला एकच अर्थ ठाऊक. आपल्याकडे निवडणुकीला ड्राय डे असतो. कुवेत तर बारा महिने ड्राय. तेव्हा हिच्यात दारू नसणार, असं मी धरून चालले.

"मग ती मंडळी येतील तेव्हा एक बाटली आणायला सांग," मी म्हटलं. "पापलेटाबरोबर घेऊ."

पलीकडे ती जी हसत सुटली, ती थांबेचना. ड्राय म्हणजे गोड नसलेली, दारू तिच्यात पुरेपूर असते, आणि विमानतळावर बॅग उघडली तर सासूबाईंची वरात थेट पोलीस चौकीत, हे तिने हसता हसताच सांगितलं. मलाही हसू आवरेना. आईने वाइन मागितली म्हणजे आईचा राग गेला, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. मी काही तिला दुरुस्त केलं नाही.

थंडीत ती दोघं आली, बरोबर त्याची आई. बाटली अर्थातच नव्हती. आमच्या ह्यांनी सकाळीच कुवेत शहरातल्या शर्क भागातल्या मासळी बाजारातून झुबैदी, म्हणजे आपलं पापलेट, आणलं. मी ते तळलं आणि ठेवणीतल्या काचेच्या ग्लासांत सोलकढी ओतली.

विहीणबाईंनी ग्लास उजेडात धरला, गोल फिरवला, नाक आत घातलं. लसणीचा वास येणारच, त्यात एवढं काय शोधायचं? माझं डोकं तापायला लागलं. मग तिने माशाचा एक घास घेतला, एक घोट, पुन्हा घास, आणि फ्रेंचमध्ये बरंच काही बोलली.

लेक माझ्याकडे वळली. मी इंग्रजीसाठी तयार होते.

"आई, ती म्हणतेय, हे आमच्या वाइनचंच काम करतं," लेक मराठीत म्हणाली. "तळणीचं तेल धुऊन काढतं, म्हणून पुढचा घास पहिल्यासारखा लागतो."

विहीणबाई आणखी काही बोलली, हळू आवाजात. या वेळी लेक तिचा हात धरून बसली. मी दोनदा विचारलं.

"म्हणतेय, मला हे शिकवा," लेकीने सांगितलं. "हिला तिकडे तुमची आठवण आली, की मी करून देईन."

मी पापलेट उलटायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले आणि पदर डोळ्यांना लावून रडले. तव्यावर पापलेट नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी आमसुलं भिजवण्यापासून मी तिला सगळं शिकवलं. भाषा नव्हती, पण ओल्या खोबऱ्याचं दूध काढायला भाषा कशाला लागते? निघताना डब्यातली सगळी आमसुलं तिच्या बॅगेत घातली. चांगली ड्राय होती. विमानतळावर कुणी अडवलं नाही.