यादीतून गळलेलं नाव

उन्हाळ्यात तलाव आटला की आमच्या घरी कनकीचा, म्हणजे तुटक्या तांदळाचा, भात आणि मीठ. बाप मासे धरायचा. पावसाळ्यात आई दुसऱ्यांच्या भाताच्या बांधीत रोपं रोवण्याला जायची. त्या घरातून मी पदवी घेतली, खानदानात पहिली. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे ज्याच्याशी भांडले त्याला तेच खुपत होतं.

मी जिल्ह्याच्या कार्यालयात कंत्राटावर डेटाबेसचं काम करायची. तिथून मच्छीमार संस्थांच्या सभासदांची यादी निघायची. यादीत नाव नाही, त्याला तलावात जाळं टाकायला मनाई. त्या वर्षी बापाचंच नाव आलं नाही.

कारण शोधायला अख्खी दुपार गेली. आमच्या गावात एकाच नावाचे दोघं आहेत, म्हणून त्या वर्षापासून संस्थेच्या वहीत नावापुढे अवतरणात घराची खूण लिहितात. बाप तलावाच्या बांधावर राहणारा म्हणून 'पाळीवरचा', दुसरा 'चिंचेखालचा'. यादी काढणारी प्रोसिजर कार्यालयातल्या माझ्या सिनियरनं लिहिली होती; ती प्रत्येक नाव क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या हुकमाच्या, मजकुरातच चिकटवायची. अवतरणचिन्ह आलं की डेटाबेसला वाटायचं, नाव संपलं. पुढची खूण तो हुकूम समजायचा आणि अडायचा. मग प्रोसिजर ते नाव सोडून पुढे जायची, गुपचूप.

सिनियर म्हणाला, "मॅडम, त्या खुणा उडवून टाका ना. कायले डोकं लावता?"

"उडवल्या तर दोघांचा एक होते. पाण्यात कोण उतरन मग?"

"तुमच्या गावचे लफडे मी काऊन पाहू? इतके वर्षं चालून राह्यलं ना?"

"चालून नाई राह्यलं. लोकं गळून राह्यले."

"वा! मासे धरणाऱ्याची पोरगी आता मले क्वेरी शिकवते."

"हो, शिकवते. बसा."

मजकुरात नावाच्या जागी मी पॅरामीटर ठेवला, म्हणजे नाव नंतर भरायची राखीव जागा. प्रोसिजरमधला नाव धरणारा व्हेरिएबल क्वेरीला आपोआप दिसेल असं धरलं होतं. दिसला नाही, एरर आली. तो मोठ्यानं हसला. मी पॅरामीटरचा प्रकार लिहिला, नाव क्वेरीसोबत वेगळं पाठवलं आणि चालवलं. आता नावात कोणतंही चिन्ह असो, डेटाबेस त्याला नावच समजत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं हेच काम साहेबांपुढे आपलं म्हणून ठेवलं. मी भर खोलीत म्हटलं, "हे मी लिहिलं. यांना विचारा, पॅरामीटर कुठी दिला ते." त्यानं जुन्याच क्वेरीवर बोट ठेवलं. त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

नवी यादी निघाली. आमच्या गावचे दोघंही तिच्यात वेगवेगळ्या ओळींवर होते. त्या हंगामात बापानं तलावात जाळं टाकलं.