घंगाळातला खेकडा

आमच्या घरात तांब्याचं एक घंगाळ होतं आणि ते घासायचं काम माझं होतं. मी बारा वर्षांची, हट्टी, स्वतःला फार शहाणी समजणारी. पुढे मी शाळेत बाई झाले, मुलं मला टरकून असायची. पण खोटं बोलणाऱ्या मुलीवर माझा हात कधी उठला नाही. बाकीच्या बाई हसायच्या, तुमचा कडकपणा इथंच कसा हो गळतो म्हणायच्या. मी विषय बदलायची.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. वडील गंगाखेडला कचेरीत कारकून होते. थोरली बहीण, आमची आक्का, मानवतला दिलेली होती. तिला खोकला लागला तो हटेना. दवाखान्यात सुया चालू होत्या, तरी अंग धरत नव्हतं. शेवटी सासरहून निरोप आला, चार दिवस माहेरी घेऊन जा. तेव्हापासून आईने एकच धोशा लावला : काळ्या खेकड्याचा रस्सा. छातीच्या दुखण्यावर त्यासारखं औषध नाही, असं आमच्याकडे सगळेच मानायचे.

पण दिवस उन्हाळ्याचे. गोदावरीचं पाणी पार आटलेलं, खेकडे बिळात खोल गेलेले. नदीवर मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्याने तीन दिवस काठ उकरून कसाबसा एक खेकडा काढला आणि गुरुवारी घरी आणून दिला. आक्का येणार होती रविवारी.

"वैनी, योकच गावला बघा," तो म्हणाला. "आता दुसरा मिळायचा न्हाई. जित्ता ठेवा. मेला तर फेकून द्या, मेलेला खेकडा जहर असतो. गाळात ठेवा अन् वरून पानी शिंपडत राहा."

आईने फुटक्या माठाच्या बुडात गाळ भरून त्याला ठेवलं, वर पाटी झाकली, पाटीवर दगड ठेवला. मला म्हणाली, "ह्यो तुझ्या हवाली हाय."

मी शाळेतून आले की त्याच्यापाशी बसायची. त्याचा एक नांगा मोठा, एक लहान. तोंडाशी सारखा फेस. भाकरीचा कुटका टाकला तर आधी मागे सरायचा, मग मी बघत नाही असं वाटलं की ओढून घ्यायचा. मला तो आवडायला लागला होता, आणि आक्का बरी होणार म्हणून त्याला मारायचं आहे याचं वाईटही वाटत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी कसं वाटत होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

शुक्रवारी गाळाला वास यायला लागला. आक्काचं औषध असल्या घाणीत ठेवायचं? माझ्या शहाण्या डोक्याला ते पटेना. मी चिंच आणि राख लावून घंगाळ घासलं, लख्ख केलं, आडाचं ताजं पाणी भरलं आणि खेकडा धुऊन त्यात सोडला. आईने पाहिलं आणि माझी पाठ थोपटली. "बरं केलंस. तांब्याच्या पान्यात रोग राहत न्हाई."

शनिवारी दुपारभर तो घंगाळातून वर चढू पाहत होता. नखं तांब्यावरून घसरायची. खर्र, खर्र. मी वडलांना सांगितलं, चांगला हुशार झालाय बघा. संध्याकाळकडे आवाज कमी झाला. रविवारी सकाळी आवाज नव्हता. काडी लावली तर त्याचा एक पाय पाण्यात सैल हलला आणि तसाच राहिला.

मी घंगाळावर फडकं झाकलं.

तेवढ्यात वडील आक्काला घेऊन बसस्टँडवरून आले. तिच्या गळ्याची हाडं वर आली होती. ओट्यावर टेकली आणि मला म्हणाली, "माझ्यासाठी खेकडा धरून आनलाय म्हनं. त्यो खाल्ला की मी उठून कामाला लागते बघ."

आतून आईने विचारलं, "हलायलाय का गं?"

"हो," मी म्हणाले, "हलायलाय."

आई घंगाळ उचलून परसात गेली. तासाभराने आक्कापुढे रश्श्याची वाटी आली, लालभडक, लसणाच्या वासाची. आक्काने वाटी पुसून खाल्ली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. आता उलटी होईल, आता डोळे फिरवेल. काहीच झालं नाही. चार दिवसांनी ती सासरी परत गेली आणि दोन महिन्यांनी वारली.

सगळे म्हणाले, छातीचं दुखणं. मला मात्र माहीत होतं तिला कुणी मारलं ते. त्यानंतर भांडं खरडल्याचा आवाज आला की माझा घास तोंडातच राहायचा. मोठी झाल्यावर शाळेतले विज्ञानाचे सर एकदा बोलता बोलता म्हणाले की आंबटाने घासलेलं तांबं पाण्यात उतरतं आणि असले पाण्यातले जीव त्याने मरतात. मी चहा तसाच ठेवून वर्गात गेले.

पुढे आई म्हातारपणी माझ्याकडे राहायला आली. एका दुपारी आम्ही दोघी परातीत तूर निवडत होतो. काही विषय नसताना ती म्हणाली, "त्या रश्श्यात खेकडा नव्हता गं."

मी हात थांबवला.

"मेला व्हता त्यो. मी परसात पुरला. नुसतं लसून-मिरचीचं पानी उकळून दिलं तिला. इतकी आशेनं बघायली व्हती चुलीकडं, न्हाई म्हनवंना. फसवलं मी माझ्या लेकीला."

इतक्या वर्षांची धोंड छातीवरून उतरली. मी आक्काला जहर दिलं नव्हतं. मी आईचा हात धरणार होते, सगळं सांगून टाकणार होते. तेवढ्यात ती म्हणाली, "जित्ता ऱ्हायला असता तर उठली असती माझी लेक."

रश्श्याने असली दुखणी बरी होत नसतात, हे मला माहीत होतं. तोंडापर्यंत आलंही. पण आईला ते पटलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटलेलं नव्हतं.

"कशानं मेला असंल गं त्यो?" आईने विचारलं. "तू तर त्याला इतकं चांगलं ठेवलं व्हतंस."

"माहीत नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि पुन्हा तूर निवडू लागली. परातीत तिची नखं वाजत होती.