एक राष्ट्रगीत सोडून

लुचेन्कात, आमच्या स्लोव्हाक डोंगरगावात, कुणी गेलं की दोन घरी निरोप जायचा. एक पाद्रीबाबांच्या, दुसरा वेंडेलिन स्मोलारच्या. पाद्री येत-जात राहिले, वेंडेलिन तोच राहिला. लाकूड कापायच्या गिरणीतली पाळी संपवून, अंगावरचा भुसा झटकून तो दफनभूमीवर यायचा. ट्रम्पेटचं तोंड गारठू नये म्हणून ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलेलं असायचं. शवपेटी खाली उतरू लागली की तो मेंढपाळांची एक जुनी संथ चाल वाजवायचा, आणि फारसं कुणाशी न बोलता घरचा रस्ता धरायचा. चर्चला जाणारा असो की न जाणारा, सगळ्यांना चाल तीच. दारुडा यानो गेला तेव्हा त्याच्यामागे रडायलाही कुणी नव्हतं. ट्रम्पेट मात्र होतं.

खरं तर वेंडेलिनला मोठ्या शहरात शिकायला जायचं होतं. संगीत विद्यालयाची परीक्षाही तो पास झाला होता. पण अडुसष्टच्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे देशात शिरले, आणि त्याचा थोरला भाऊ मतुश, जो शहरात वीजतंत्र्याचं काम शिकत होता, चौकात गोळी लागून मेला. तो ना दगड मारत होता ना घोषणा देत होता. पाव घेऊन खोलीवर निघाला होता. घरी मृतदेह आला तो बंद पेटीत, आणि सोबत आलेल्या माणसानं आईला बजावलं, "थडग्यावर अपघात असं लिहा. धाकट्याचा विचार करा." आईनं धाकट्याचा विचार केला.

पुढच्या मार्चमध्ये आपल्या हॉकीच्या संघानं सोव्हिएत संघाला हरवलं. देशभर लोक रस्त्यावर आले, लुचेन्काही आलं. वेंडेलिन कारंज्याच्या कठड्यावर चढला आणि गाल दुखेपर्यंत ट्रम्पेट वाजवत राहिला. कुणीतरी ते वर कळवलं. विद्यालयातली जागा गेली, गिरणीतली मिळाली. वीस वर्षांनी राज्य बदललं. तेव्हा लोक म्हणाले, "वेंडो, आता तरी दगडावरचा तो शब्द खोडून टाक." त्यानं मान हलवली. "आईनं त्या शब्दावर हात ठेवून वीस वर्षं प्रार्थना केली. तिच्या हाताखालचा शब्द मी कसा खोडू?"

रशियन भाषा त्याला शाळेत सक्तीनं शिकवलेली होती, चांगली येतही होती. मतुश गेल्यापासून त्यातला एक शब्दही त्यानं तोंडातून काढला नव्हता.

तर अशा लुचेन्काकडे दोन हजार चारच्या वसंतात कुमारांच्या आंतरराष्ट्रीय आइस हॉकी स्पर्धेचं यजमानपद आलं. स्पर्धा भरायची होती शेजारच्या शहरात, पण तिथल्या स्टेडियमचं छप्पर गळायला लागलं आणि ऐन वेळी आमच्या गावाचं नाव पुढे आलं. गावाला हॉकीचं वेड. मुलं चालायच्या आधी स्केट्सवर उभी राहतात. पण सहा देशांची पोरं एकदम कुणी पाहिली होती? शाळेच्या वसतिगृहाला रंग लागला, आया-बायांनी आंबट कोबीच्या सुपासाठी पातेली बाहेर काढली, आणि सामना संपल्यावर जिंकणाऱ्या देशाचं राष्ट्रगीत वाजवायचं काम गावच्या बँडकडे आलं.

बँड चालवायच्या ओतिलियाबाई. शाळेत संगीत शिकवायच्या, वयानं वेंडेलिनहून बऱ्याच लहान. त्यांनी सहा देशांची स्वरलिपी वाटली तेव्हा वेंडेलिननं रशियाचा कागद न बघताच परत केला.

"पाच वाजवीन," तो म्हणाला. "हे नाही."

"वेंडेलिनकाका, सोव्हिएत काळातले शब्द गेले, नवे आहेत आता त्याचे."

"मी शब्द वाजवत नाही बाई, चाल वाजवतो. चाल तीच आहे."

ट्यूबा वाजवणारा लुडो, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, मागून म्हणाला, "सोप्पं आहे की! रशिया जिंकायलाच नको. आपल्या पोरांना सांगा, म्हाताऱ्यासाठी तेवढं करा म्हणावं."

सगळे हसले. वेंडेलिनही हसला, पण कागद त्यानं घेतला नाही. ओतिलियाबाईंनी तो निमूट घडी करून पिशवीत ठेवला. त्यांच्या आजीच्या दफनाला वेंडेलिनच होता. त्याच्याशी हट्ट करणं त्यांना जमलं नाही.

रशियाची पोरं पहिल्याच सामन्यात जिंकली. वेंडेलिन उठला, ट्रम्पेट खुर्चीवर ठेवलं आणि दाराबाहेर गेला. आत बँड वाजला तो मिठाशिवायच्या सुपासारखा. पाहुण्यांना काही कळलं नाही. गावाला कळलं, पण गावानं नजर वळवली.

घरी बायकोनं, इरेनानं, ताट वाढता वाढता सुनावलं, "सोळा-सतरा वर्षांची पोरं ती. त्यांच्या बापांना तरी मिसरूड फुटली होती का तेव्हा?"

"पोरांवर माझा राग नाही."

"मग कुणावर आहे? बर्फावर?"

गाल फुगवून त्यानं चमचा उचलला. इरेना म्हणाली, "तुला तोंड फुगवायला ट्रम्पेटसुद्धा लागत नाही," आणि त्याच्या ताटात आणखी एक डाव हालुश्की, ते उकडलेले बटाट्याचे गोळे, वाढले.

स्पर्धा अर्ध्यावर आली होती, तेव्हा एका सकाळी सराव चालू असताना रशियन संघाचा सामान सांभाळणारा म्हातारा गेला. गेन्नादी स्तेपानोविच त्याचं नाव. स्केट्सना धार लावता लावता यंत्राशेजारी खाली बसला तो उठलाच नाही. यंत्र तसंच घरघरत राहिलं, म्हणून कुणीतरी आत जाऊन पाहिलं. पोरं सात-आठ वर्षांची असल्यापासून हा माणूस त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधत आला होता. त्यांचा कप्तान, दांडगा पोरगा, अंगातलं खेळाचं चिलखत न काढताच भिंतीशी बसून लहान लेकरासारखा रडला.

त्या दिवशीचे सामने पुढे ढकलले. दुसऱ्या दिवशी पेटी राजधानीला न्यायची आणि तिथून विमानानं गावी पाठवायची असं ठरलं. संघानं एवढंच मागितलं की पेटी जाताना घटकाभर स्टेडियमसमोर थांबावी, म्हणजे पोरांना निरोप देता येईल. पाद्रीबाबा म्हणाले, "आमच्या पंथाचा नसला तरी प्रार्थना मी म्हणतो." बायकांनी फुलं आणली. बँडला मात्र कुणी बोलावलं नाही. ओतिलियाबाई लुडोला म्हणाल्या, "बोलवायचं म्हणजे वेंडेलिनकाकांना बोलवायचं. आणि त्यांना मी कोणत्या तोंडानं सांगू?"

"नका सांगू," लुडो म्हणाला. या वेळी त्यानं विनोद केला नाही.

वेंडेलिनच्या घरी निरोप गेला नाही. असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. सकाळी त्यानं दाढी केली, काळा कोट चढवला. इरेना दारात उभी राहून बघत होती.

"कुणी बोलावलं का?"

"नाही."

"मग?"

"गावातून पेटी निघालीय, इरेना." त्यानं ट्रम्पेटचं तोंड आतल्या खिशात टाकलं. "मी घरी बसून काय करू?"

ती पुढे झाली, त्याची कॉलर सरळ केली, आणि आपलाही कोट खुंटीवरून काढला.

स्टेडियमसमोर बर्फाचं चिखलपाणी झालं होतं. पोरं दोन रांगांत उभी, डोक्यावर टोप्या नाहीत, कान लालभडक. बाकीच्या पाच संघांची पोरंही न सांगता येऊन मागे उभी राहिली होती. पाद्रीबाबांची प्रार्थना संपली. पेटी उचलायला सहा पोरं पुढे झाली, आणि तेवढ्यात गर्दीच्या कडेनं ट्रम्पेटचा पहिला सूर आला.

सूर ओळखून गावातल्या लोकांनी माना खाली घातल्या. तीच मेंढपाळांची चाल, सगळ्यांना वाजवतो तीच. ना कमी, ना जास्त. मधे एका जागी त्याचा श्वास तुटला. इतक्या वर्षांत तसं कधी झालं नव्हतं. तो थांबला, ओठ पुसले आणि तिथूनच चाल पुन्हा उचलली. पोरांनी पेटी गाडीत ठेवली, गाडी वळणाआड गेली, तरी तो वाजवतच होता. संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. कप्तान पोरगा त्याच्याजवळ आला. त्यानं वेंडेलिनचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडून दिला.

स्पर्धा पुन्हा सुरू झाली. रशियाची पोरं दंडाला काळी फीत बांधून खेळली आणि जिंकली. खेळाडू रेषेवर उभे राहिले, ओतिलियाबाईंनी छडी उचलायच्या आधी वेंडेलिनकडे बघितलं. त्यांना वाटलं असेल, आता बसेल. इरेनालाही तसंच वाटलं होतं. वेंडेलिननं ट्रम्पेट खुर्चीवर ठेवलं आणि तो बाहेर गेला.

मागच्या दाराशी तो सिगारेट पेटवत होता, तेव्हा रशियन संघाच्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या होत्या, डोळे सुजलेले. त्यांनी त्याला ओळखलं. मोडक्यातोडक्या स्लोव्हाकमध्ये म्हणाल्या, "काल तुम्ही वाजवलंत. फार... फार चांगलं."

त्यानं मान डोलावली.

"मग आज का नाही?"

आतून बँडचा आवाज भिंतीतून येत होता. वेंडेलिननं सिगारेट खाली धरली. आणि मग तो रशियनमध्ये बोलला. शब्द गंजलेले होते, एकेक शोधून काढावा लागत होता.

"माझा भाऊ होता. मतुश. अडुसष्टच्या ऑगस्टमध्ये तुमच्या सैनिकानं त्याला गोळी घातली. तो पाव आणायला गेला होता."

राष्ट्रगीत आत चालूच होतं. बाईंनी ना 'मी तेव्हा लहान होते' म्हटलं, ना 'ते वेगळे लोक होते' म्हटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "किती वर्षांचा होता?"

"एकोणीस."

"मतुश," त्या म्हणाल्या. नाव त्यांनी नीट, प्रत्येक अक्षर सांभाळून उच्चारलं. "आमच्यात मेलेल्या माणसाचं नाव मेणबत्ती लावताना घेतात. मी घेऊ का? घरी गेल्यावर?"

मतुशचं नाव त्या भाषेत कुणी घेईल असं वेंडेलिनच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यानं तोंड डोंगराकडे फिरवलं. मग म्हणाला, "घ्या."

दोघं तशीच शेजारी उभी राहिली. आतलं वाजणं थांबलं, टाळ्या झाल्या. दार उघडून लुडोनं डोकं बाहेर काढलं.

"वेंडो, चल रे! पुढचा सामना आपल्या पोरांचा आहे, फिनलंडशी. तू नसलास तर माझा ट्यूबा म्हशीसारखा एकटाच हंबरतो."

"आलो," वेंडेलिन म्हणाला. त्यानं डॉक्टरीणबाईंसाठी दार धरलं, त्या आत गेल्या, आणि तो बँडमधल्या आपल्या खुर्चीकडे वळला.