साहेबाच्या एका फोनवर निघालेली खाट

भाऊ हो, आज मी मोठं कांड केलं. सरकारी दवाखान्यात खोटा फोन लावला.

झालं असं का, माह्या दोस्ताची, पंक्याची माय सकाळपासून वऱ्हांड्यात फरशीवर धापा टाकून राहिली होती. वॉर्डात विचारलं तं एकच उत्तर, "खाट खाली नाही." प्रायव्हेटमध्ये न्यायची पंक्याची ऐपत नाही.

माह्या डोक्यात किडा वळवळला. गेटबाहेर ऑटोस्टँडवर गेलो, आवाज जाड केला अन् वॉर्डात फोन लावला. "साहेबांचा पीए बोलतोय. वऱ्हांड्यात धापा टाकणाऱ्या आमच्या पेशंट फरशीवर कशा?" कोणता साहेब, हे कोणी विचारलंच नाही!

परत येऊन पाहतो तं माय खाटेवर, नाकाले ऑक्सिजन. पडद्यामागं दोन खाटा खालीच होत्या बे! मोठ्या लोकांच्या पेशंटसाठी राखून ठेवलेल्या.

तेवढ्यात सिस्टरनं मले बाजूले घेतलं. "काय गा पीए, तुह्या साहेबाच्या बंगल्यात 'कामठी, कामठी' कोण ओरडते?"

ऑटोवाला! फोन सिस्टरनंच उचलला होता, अन् कामठीच्या सवाऱ्यांसाठी मारलेली त्याची हाक तिले ऐकू गेली होती.

सिस्टर हळूच म्हणे, "मी रोज सांगते, त्या खाटा गरिबाले द्या. माहं कोणी ऐकत नाही, साहेबाचं ऐकतात. उद्या दाराजवळ फरशीवर पडलेल्या आजीसाठी फोन लाव. फक्त ऑटोस्टँडवरून नको लावू."

खोट्या साहेबाले खाट भेटते, तं खऱ्या पेशंटले काहून नाही? सांगा बरं.

पण हात जोडतो, हे कोणाले सांगू नका. आजी अजून फरशीवरच आहे.